दुरुस्तीसह मंजूर

सरांना जगाबद्दल एकंदरीत तुच्छता वाटे, पण ती ते उघड दाखवत नसत. दाखवावी एवढी जगाची लायकी आहे, असंही त्यांना वाटत नसे. लिफ्टमध्ये कुणी "काय सर, बरंय ना?" म्हटलं की ते "बरंय" म्हणत आणि मनातल्या मनात त्या माणसाला नापास करून टाकत. त्यांनी आयुष्यभर लोकसंख्याशास्त्र शिकवलं होतं. म्हणजे माणसं जन्मतात किती, मरतात किती, कुठून कुठे जातात, कुठल्या वयाची किती असतात, याचा अभ्यास. त्यापायी माणसांशी त्यांचा संबंध नेहमी लाखांच्या हिशेबातच आला. सुटं माणूस समोर उभं राहिलं की त्यांची पंचाईत होई. इमारतीतली पोरं त्यांना पाठीमागे 'शिरगणती' म्हणत. "शिरगणती आले, डोकी झाका!" असं ओरडत ती जिन्यातून पळत, आणि सरांना वाटे, शिरगणती आणि लोकसंख्याशास्त्र यांतला फरक यांच्या आईबापांनाही कळत नाही, तर या कार्ट्यांना कुठून कळणार.

निवृत्त होताहोता त्यांचा विभागच बंद पडला होता. लोकसंख्येचा अभ्यास करायला लोक मिळेनात, अशी तेव्हा विद्यापीठात थट्टा चाले. ती थट्टा सरांनी ऐकली नाही असं दाखवलं आणि करणाऱ्यांची नावं लक्षात ठेवली.

घरात ते आणि त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बायकोच्या हातातून कप सुटला, आणि तो उचलायला ती वाकली ती उठलीच नाही. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, आहे हे असं आहे. मग सिस्टर आली. ती जवळच्याच इस्पितळात नोकरीला होती. तिथली पाळी संपली की सरांकडे येई. सरांच्या बायकोला ती मावशी म्हणे. तिने मावशींचं अंग पुसून दिलं, कूस बदलून दिली, हातापायांना व्यायाम दिला, हे तर झालंच. पण तिने मावशींच्या तोंडून पुन्हा शब्द काढले. पहिला शब्द आला 'पाणी'. दुसरा आला 'नको', आणि तो कुणाकडे बघून आला ते सिस्टरने सरांना सांगितलं नाही. आता मावशी खुर्चीत टेकून बसत, दोन-दोन तीन-तीन शब्दांचं बोलत. एकेका शब्दाला दम लागे, म्हणून फालतू शब्द त्यांनी सोडूनच दिले होते. फालतू शब्दांचं खातं घरात सरांकडे होतं.

आता सिस्टरचं असं होतं की ती नदीपलीकडची. नदीपलीकडची माणसं शहरात येऊन पिढ्या झाल्या होत्या. त्यांनी शहरातल्या भिंती बांधल्या, गटारं उपसली, म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतली, आणि एवढं करूनही घर भाड्याने मागायला गेली की आडनाव ऐकून मालकाला आठवे, अरेच्चा, घर तर कालच गेलं. सिस्टर, तिची आई आणि शाळेत जाणारी मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहत होत्या. ती खोली पाडायला काढली होती. महिनाअखेर तिला बाहेर पडायचं होतं. इथे जवळ घर मिळालं तर ठीक, नाहीतर ती माहेरच्या गावी जाणार होती; तिथल्या दवाखान्यात तिला जागा धरून ठेवली होती.

आणि घर मिळण्यासारखं होतं! सरांच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, रिकामा फ्लॅट. मालक मुलाकडे राहायला गेलेला, सिस्टरला भेटला, तयार झाला. पण सोसायटीचं 'ना हरकत' पत्र लागतं, आणि ते द्यायचं की नाही हे रविवारच्या सभेत ठरणार होतं.

शुक्रवारी सभेची विषयपत्रिका दाराखालून आत सरकली. सरांनी उभ्याउभ्या वाचली आणि त्यांच्या मानेची शीर टरारली.

"काय?" मावशींनी खुर्चीतून विचारलं.

"हे बघ! हे बघ काय लिहितात! विषय तिसरा. 'सदर भाडेकरूमुळे इमारतीची डेमोग्राफी बिघडण्याची दाट शक्यता असल्याने ना हरकत पत्र नाकारण्यात यावे.' लाज वाटायला पाहिजे यांना!"

मावशींचा चेहरा उजळला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा शेजारणीसाठी, भावजयीसाठी, फार कशाला सख्ख्या बायकोसाठी असा पेटून उठलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. सिस्टरसाठी उठला, चला, देर आहे पण माणूस आहे, असं त्यांना क्षणभर वाटलं.

"डेमोग्राफी बिघडते म्हणे!" सर म्हणाले. "अगं, डेमोग्राफी म्हणजे लोकसंख्याशास्त्र. शास्त्र! ते कसं बिघडेल? डोंगर खचला तर भूगर्भशास्त्र खचलं म्हणतील का हे? गाय आजारी पडली तर प्राणिशास्त्राला ताप आला म्हणतील? पेपरवाल्यांनी हा शब्द नासवला, टीव्हीवाल्यांनी त्याचा चोथा केला, आणि आता सोसायटीचे हे फरशा विकणारे अध्यक्ष तो चावताहेत."

मावशींचा चेहरा पुन्हा होता तसा झाला.

"अहो," त्या म्हणाल्या. "तिच्याबद्दल… बोला."

"बोलणारच! सोडतो की काय!"

"तिच्याबद्दल."

"अगं, तेच तर म्हणतोय मी."

मावशींनी डोळे मिटून दम घेतला. मग त्या एवढ्यात बोलल्या नव्हत्या तेवढं बोलल्या. "म्हणायचं… आमच्याकडे येते. चांगली आहे. आम्हाला… हवी. मग खाली बसा. चार-पाच जण… हात वर करतील. वाट बघताहेत… कुणीतरी म्हणायची."

ते खरंच होतं. इमारतीत सिस्टरचे ऋणी कमी नव्हते. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची पायाची जखम तिने महिनाभर जाता-येता बांधून दिली होती. पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंचं पोर ताप डोक्यात जाऊन झटके द्यायला लागलं, तेव्हा तिनेच त्याला उचलून इस्पितळात पळवलं होतं. या माणसांना ना म्हणायचं नव्हतं. फक्त पहिला हात आपला नको, एवढंच त्यांचं धैर्य होतं. सरांचा हात वर गेला असता तर त्याच्या आडोशाने त्यांचेही गेले असते.

सरांनी शनिवारभर तयारी केली. दोन मुद्दे काढले. मुद्दा पहिला, शब्द. मुद्दा दुसरा, सिस्टर. हाच क्रम का, असं त्यांना कुणी विचारलं नाही, पण त्यांच्याकडे उत्तर तयार होतं: पाया उखडला की भिंत आपोआप पडते, ज्या शब्दावर ठराव उभा आहे तो शब्दच चुकीचा ठरला की ठरावाला उभं राहायला जागा कुठे? एवढी विद्या शिकून माणसाने एवढं खुळं राहावं, याला काही इलाज नाही.

सभा खाली, गाड्या लावतात तिथे होती. चारचाकींच्या मधल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, एका खांबाला पाण्याच्या बाटल्यांचा खोका टेकवलेला. अध्यक्षांचा फरशांचा मोठा धंदा होता आणि सगळे त्यांना फरशीवाले म्हणत. सरांच्या लेखी तो माणूस म्हणजे स्वयंपाकघरात कुठली फरशी घसरते एवढंच ज्ञान असलेला प्राणी. पायांत धावायचे बूट, पण धावताना कुणी पाहिलेला नाही. बोलताना दर वाक्याला 'बेसिकली'. सरांना तो 'या सर, या सर' म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवे, आणि सरांना वाटे, निदान एवढं तरी याला कळतं. फरशीवाल्याला त्याहून बरंच कळत होतं, पण सर माणसं ओळखण्यात कच्चे होते.

पहिले दोन विषय गेटच्या दिव्याचे आणि कुत्र्यांचे होते, ते लवकर उरकले. तिसरा विषय सेक्रेटरीबाईंनी खाली मान घालून भराभर वाचला. फरशीवाले घसा साफ करून म्हणाले, "बेसिकली कुणाच्या विरुद्ध काही नाही हां. ती बाई चांगलीच असेल. पण एक आला की दहा येतात. आज एक फ्लॅट, उद्या चार. डेमोग्राफी बदलली की मग आपल्याला आपल्याच इमारतीत चोरासारखं राहायचं. आपले सर तर याच विषयातले. ते सांगतीलच."

सर उठायच्या आत चौथ्या मजल्यावरचे आजोबा अर्धवट उठले. काठीवर रेलून, इकडेतिकडे बघत म्हणाले, "नाही, मी काय म्हणतो, ती बाई तशी फार चांगली आहे हो. माझा पाय तिनंच—"

"थांबा!" सरांनी हात वर केला. "पायाचं नंतर. आधी शब्द."

आजोबा बसले. म्हातारा माणूस एकदा बसला की पुन्हा उठायला त्याला कष्ट पडतात, आणि धैर्याचंही तसंच असतं. शिवणवाल्या बाईंनी तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं.

मग सर बोलायला लागले.

वाईट बोलले असं नाही. त्यांना विषय येत होता, आणि बऱ्याच दिवसांनी समोर खुर्च्यांच्या रांगा होत्या. त्यांनी सांगितलं की डेमोग्राफी हा शब्द काही देवाने खाली टाकलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका फ्रेंच माणसाने तो घडवला. तोवर तो झाडापाल्याचा अभ्यास करत होता. दोन ग्रीक शब्द त्याने जोडले, 'डेमोस' म्हणजे लोक आणि 'ग्राफो' म्हणजे मी लिहितो. लोकांविषयी लिहिणं, लोकांचं वर्णन. "म्हणजे," सर म्हणाले, "डेमोग्राफी ही करायची गोष्ट आहे. बिघडायची नव्हे." त्याच्या दोनशे वर्षं आधी एका कापडाच्या व्यापाऱ्याने मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या चाळूनचाळून या अभ्यासाचा पाया घातला होता; तेव्हा या सगळ्याला 'राजकीय अंकगणित' म्हणत. राजाला कर किती मिळेल आणि लढायला पोरं किती मिळतील, एवढ्यापुरताच त्यांना लोकांत रस. पुढे शहाणी माणसं आली, त्यांनी त्याचं शास्त्र केलं. आणि शास्त्र झालेला तो शब्द आज गल्लीबोळात, चहाच्या टपरीवर आणि सोसायटीच्या ठरावात कसा वापरला जातो? तर 'ते लोक किती वाढले' एवढं विचारायला! सभ्य कपडे घालून शिवी द्यायला!

हे वाक्य चांगलं होतं. सर इथे थांबते तर बरं झालं असतं. दोन-तीन माणसांनी माना हलवल्या, शिवणवाल्या बाई पुढे सरकून बसल्या, आणि 'म्हणून सिस्टरला घर द्या' एवढं म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. आजोबांनी काठीवरची पकडही बदलली होती. पण सर थांबले नाहीत, कारण व्युत्पत्ती अजून पुरती झाली नव्हती.

"आता 'डेमोस'," सर म्हणाले. "लोक म्हणजे कुठले लोक? इथे नेमकं असावं लागतं. 'डेमोस'चा जुना अर्थ वस्ती, पेठ, गावाचा एक भाग. आणि मग त्या भागातले लोक."

"त्या भागातले म्हणजे, तिथे राहणारे सगळे?" फरशीवाल्यांनी अगदी विद्यार्थ्यासारखं विचारलं.

सरांना विद्यार्थी भेटून वर्षं झाली होती. त्यांना भरून आलं. "चांगला प्रश्न आहे! सगळे नव्हेत. अथेन्समध्ये बापाचं नाव ज्या वस्तीत नोंदलेलं, त्या वस्तीचा मुलगा. बाहेरून येऊन राहिलेले पुष्कळ असत. कामं करत, करही भरत. पण ते तिथल्या डेमोसमध्ये धरले जात नसत."

"अच्छा!" फरशीवाले म्हणाले आणि सभेकडे वळले. "ऐकलंत? म्हणजे मूळ शब्दातच आहे. बाहेरून आलेले राहतील, काम करतील, पण ते आपल्यातले नाहीत. हे तर बेसिकली मीच म्हणत होतो. बरोबर ना सर?"

सरांनी तोंड उघडलं. 'हा अर्थाचा विपर्यास आहे' असं म्हणावं हे त्यांना सुचलं, नाही असं नाही. पण फरशीवाल्याने जे म्हटलं ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने चूक नव्हतं, आणि चूक नसलेल्या गोष्टीला चूक म्हणायची त्यांना सवय नव्हती. "व्युत्पत्तीपुरतं बोलायचं तर," ते म्हणाले, "तसं म्हणता येईल."

तसं म्हणता येईल! इमारतीतल्या सगळ्यांनी ऐकलं. शिवणवाल्या बाई मागे टेकून बसल्या. आजोबा बुटाच्या टोकाकडे बघायला लागले. ज्यांना सिस्टर नको होती त्यांना ग्रीकांचा पाठिंबा मिळाला, आणि ज्यांना हवी होती त्यांना गप्प बसायला कारण.

"पण ठरावात शब्द चुकीचाच आहे," सर म्हणाले. हरल्यासारखं वाटायला लागलं होतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. "डेमोग्राफी बिघडते हे मी चालू देणार नाही. प्राण गेला तरी नाही."

फरशीवाल्यांनी हात जोडले. "सर, तुमच्यासारखा माणूस इमारतीत आहे हे आमचं भाग्य. आम्ही अडाणी. शब्द काढून टाकू. तुम्हीच सांगा काय लिहायचं. सेक्रेटरीबाई, लिहून घ्या, सर सांगताहेत."

आणि सरांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "'डेमोग्राफी बिघडण्याची' हे खोडा. तिथे लिहा, 'रहिवाशांच्या लोकसंख्येच्या रचनेत बदल होण्याची'. रचना हा नेमका शब्द. 'बिघडणे' हा मूल्यनिर्णय झाला, तो शास्त्रात बसत नाही. बदल म्हणा. आणि 'दाट शक्यता' काय? शक्यता दाट-पातळ नसते, ते काय वरण आहे? नुसतं 'शक्यता'."

लोक हसले. सरही हसले. सेक्रेटरीबाईंनी नवीन वाक्य वाचून दाखवलं. स्वच्छ वाक्य होतं, एकही शब्द हलवायला जागा नव्हती.

"तर सरांच्या दुरुस्तीसह," फरशीवाले म्हणाले. "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत."

सगळ्यात आधी सरांचा हात वर गेला. दुरुस्ती त्यांची होती. ती मान्य नाही असं ते कसं म्हणणार? मागून एकेक करत सगळेच हात वर गेले, आजोबांचाही, शिवणवाल्या बाईंचाही. पहिला हात सरांचाच लागेल, हे मावशींनी बरोबर ओळखलं होतं.

"एकमताने मंजूर. विषय चौथा, पाण्याची टाकी."

"थांबा," सर म्हणाले. "माझा दुसरा मुद्दा राहिलाय."

"टाकीबद्दल?"

"नाही. सिस्टरबद्दल."

"तो विषय झाला ना सर," फरशीवाले मायेने म्हणाले. "तुम्हीच तर केलात."

सर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. टाकीतल्या शेवाळाबद्दल तावातावाने चर्चा सुरू झाली होती. आपल्याला मूर्ख बनवलं हे त्यांना जिन्याच्या पहिल्या वळणावर कळलं. मूर्ख फरशीवाल्याने बनवलं नाही, आपण मूर्ख म्हणूनच सभेला गेलो होतो, हे कळायला तीन मजले पुरले नाहीत.

"झालं?" सरांनी दार उघडताच मावशींनी खुर्चीतून विचारलं.

"शब्द काढायला लावला," सर म्हणाले. "एक अक्षर ठेवू दिलं नाही."

"ती?"

सरांनी चप्पल काढली, नीट जोडीने ठेवली. "ठराव झाला. पण भाषा पूर्ण बदलली. आता त्यात आक्षेपार्ह काहीच नाही."

"तुम्ही… हात?"

सर मोरीकडे वळले आणि नळ सोडून उगाच हात धूत राहिले. मावशी रागावल्या नाहीत. कुत्र्याने पायपुसण्यावर घाण केली तर माणूस ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने त्या मोरीच्या दाराकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर ठराव लागला. 'रहिवाशांच्या लोकसंख्येच्या रचनेत बदल होण्याची शक्यता असल्याने' वगैरे. खाली लिहिलं होतं: सूचक, अध्यक्ष. अनुमोदक, आणि तिथे सरांचं संपूर्ण नाव, पदव्यांसकट. फरशीवाल्याने पदव्या आवर्जून घालायला लावल्या होत्या.

सिस्टर नेहमीच्या वेळेला आली. लिफ्टशेजारीच फलक आहे, म्हणजे तिने वाचला होता. तिने पिशवी खुंटीला लावली, हात धुतले, मावशींचं अंग पुसलं, बोटांना तेल लावून एकेक बोट मोकळं केलं. सर आतल्या खोलीत पुस्तक धरून बसले होते. पान उलटत नव्हतं.

"मावशी, मी महिनाअखेर जाते," सिस्टर म्हणाली. "तिकडच्या दवाखान्यात कळवलं सकाळी."

मावशींनी डाव्या हाताने तिचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग दोघी मिळून रडल्या, आणि भिंतीपलीकडून सरांना ते सगळं ऐकू आलं. उठून जावं असं त्यांना वाटलं. गेल्यावर काय म्हणायचं याचा मसुदा होईना, म्हणून ते बसून राहिले.

थोड्या वेळाने सिस्टर दारात आली. डोळे लाल होते, पण आवाज कामाचा होता. "सर, या जरा. कूस कशी बदलायची ते दाखवते. रोज न चुकता करावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतील. आता तुम्हालाच करायचंय."

दोन वर्षांत सरांनी हे काम एकदाही केलं नव्हतं. ते पलंगाजवळ जाऊन उभे राहिले. सिस्टरने त्यांचे हात धरून जागेवर ठेवले, एक मावशींच्या खांद्यामागे, एक कमरेमागे. "ओढायचं नाही. आपल्याकडे वळवायचं. वळल्या की असंच धरून ठेवायचं, मी पाठीमागे चादर सरळ करेपर्यंत. सोडायचं नाही."

सरांनी वळवलं. मावशी कुशीवर आल्या. सरांना बायकोचं वजन कळलं, हाडं कळली, मानेवर वाढलेला तीळ दिसला. बरेच दिवस झाले होते तिला इतक्या जवळून बघून. त्यांनी धरून ठेवलं. सिस्टर मागून चादर ओढत होती.

"सर, एक विचारू?" ती चादर ओढताओढता म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता; तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "खाली लिहिलंय ना, लोकसंख्येच्या रचनेत बदल. ते म्हणजे मी का?"

'हो' म्हणायचं होतं. किंवा 'चुकलो' म्हणायचं होतं. काहीच म्हटलं नसतं तरी चाललं असतं. पण प्रश्न अर्थाचा होता.

"नाही, तसं नाही," सर म्हणाले. "रचना म्हणजे एक माणूस नव्हे. वय, स्त्री-पुरुष प्रमाण, स्थलांतर, हे सगळं एकत्र धरून जे चित्र होतं—" आणि एकत्र धरलेलं चित्र दाखवायला त्यांनी दोन्ही हात हवेत उचलले.

मावशी पलंगावर ओतल्यासारख्या पालथ्या कलंडल्या. लुळा हात अंगाखाली गेला, तोंड उशीत दाबलं गेलं. सिस्टरने पलंगावर गुडघा टेकून त्यांना एका झटक्यात फिरवलं, हात सोडवला, नाक-तोंड मोकळं केलं. "मावशी, लागलं का? बघा माझ्याकडे. श्वास घ्या." सर हात तसेच हवेत धरून उभे होते.

मावशींनी श्वास घेतला. दुसरा घेतला. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि सिस्टर कान जवळ नेऊन थांबली.

"यांना नको शिकवू," मावशी म्हणाल्या. "पुढून… उशी लाव. उशी… सोडत नाही."

सिस्टरने सरांकडे पाहिलं नाही. कपाटातून जाड उशी काढली, सर उभे होते तिथे यायला तिला जागा हवी होती, म्हणून "जरा बाजूला, सर," म्हणाली आणि उशी लावून दिली.